झेंडेवाल्या बाईंचे मिस्टर

पालकांच्या बैठकीला जाताना मल्लिनाथराव बिराजदारांनी खिशात भाषण ठेवलं होतं. भाषण करा असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण लोहाऱ्यात आजवर त्यांना आधी कुणी सांगायचं नाही आणि शेवटी भाषण त्यांचंच व्हायचं, असा रिवाज होता. दिवसा ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आणि संध्याकाळी गावातल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालक, अशी त्यांची दुहेरी सेवा पंधरा वर्षं चालू होती. सत्कार असो, साखरपुडा असो, नव्या बोअरला पाणी लागो, माईक मल्लिनाथरावांच्या हातात. एकदा तर बोअर कोरडी गेली तरी त्यांनी वीस मिनिटं बोलून लोकांना पेढे खायला लावले होते.

ही बैठक फुटबॉलची होती. त्यांची तेरा वर्षांची शिवांजली बालाघाट क्लबच्या मुलींच्या संघात निवडली गेली होती. मधल्या सुट्टीत चेंडूला लाथा मारणं वेगळं आणि हे वेगळं. आठवड्यातून चार दिवस पहाटे सराव, रविवारी धाराशिवला जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेचे सामने. म्हणून क्लबच्या कोच सुरवसे मॅडमनी सगळ्या घरच्यांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं होतं.

"पोरींची तयारी मी करून घेते," मॅडम म्हणाल्या. वय जेमतेम तीस, गळ्यात शिट्टी, आवाज शिट्टीसारखाच. "पण घरच्यांची तयारी झाली नाही, तर पोरगी तीन महिन्यांत खेळ सोडते. हे मी लई वेळा बघितलंय. म्हणून आज परीक्षा तुमची. सांगा, पोरगी मॅच हरून घरी आली, तर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारणार?"

मल्लिनाथराव उठले. अपयश ही यशाची पहिली पायरी इथपासून त्यांनी सुरुवात केली आणि पायऱ्या चढत चढत सातव्या मिनिटाला गच्चीवर पोचले. टाळ्या पडल्या. मागल्या बाकावर त्यांची बायको महानंदा बसली होती. तिला खरं तर बैठकीत काही काम नव्हतं. ती शिवणकाम करायची, आणि संघाच्या जर्सी सैल होत्या म्हणून मापं घ्यायला टेप घेऊन आली होती.

"ताई, तुम्ही काय विचारणार?" मॅडमनी विचारलं.

"मी होय?" महानंदा गडबडली. "मी म्हणंन, भूक लागली का?"

हॉल हसला. मल्लिनाथरावही हसले, मोठ्या मनानं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाहीर केलं, "पालक प्रतिनिधी, महानंदाताई बिराजदार."

मल्लिनाथराव अर्धे उठलेच होते. 'बिराजदार' हा शब्द ऐकू आला तेव्हा ते हात जोडून आभार मानायच्या तयारीत होते. मग 'महानंदाताई' हा शब्द उशिरा कानात शिरला आणि ते धोतराचा सोगा सावरल्यासारखं करत खाली बसले. त्यांनी पँट घातली होती.

घरी येताना ते म्हणाले, "चांगलं झालं. नाव तुझं असू दे, काम मी बघतो."

"बघा की," महानंदा म्हणाली. तिला खरंच तसंच वाटत होतं.

पहिलं काम होतं खेळाडूच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या बापांना "उद्या या, झेरॉक्स आणा" म्हणून फिरवलं, त्याला फॉर्मची काय मातब्बरी? मल्लिनाथरावांनी आपल्या लेकीबरोबर बाकीच्या पंधरा पोरींचेही फॉर्म भरले. पंधरा मंजूर झाले. शिवांजलीचा परत आला.

त्यांनी ताडलं, जिल्ह्याच्या नावाचा घोळ. जन्मदाखल्यावर उस्मानाबाद, आधारवर धाराशिव. पुन्हा भरला, पुन्हा परत. तेव्हा त्यांनी रजा टाकली, एसटीनं धाराशिव गाठलं आणि दोन नावांचा जिल्हा एकच आहे असं प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टँपवर करून घेतलं. नोटरी म्हणाला, "साहेब, हे सगळ्या जगाला माहीत हाय." मल्लिनाथराव म्हणाले, "माहीत असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं." तिसऱ्यांदाही फॉर्म परत आला.

शेजारचे हिंमतराव रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाले तरी नियंत्रण सुटलं नव्हतं. "ह्यात राजकारण हाय," ते म्हणाले. "कुणाला तरी तुमची पोरगी नकोय. तुमी वर तक्रार टाका."

तक्रारीचा मसुदा तीन पानांचा झाला. तो चौथ्या पानात शिरत असताना महानंदानं मोबाइल हातात घेऊन फॉर्म उघडला.

"अहो," ती म्हणाली, "हा फोटो तुमचा हाय."

खेळाडूचा फोटो या चौकटीत मल्लिनाथराव होते. कोट, टाय, भरदार मिशी. वय तेरा, वजन अडतीस किलो, जागा आघाडी. खाली बारीक अक्षरात फॉर्म परत करण्याचं कारणही लिहिलेलं होतं, 'कृपया खेळाडूचाच फोटो जोडावा'. ते त्यांनी वाचलं नव्हतं, कारण खरं कारण त्यांना आधीच ठाऊक होतं.

महानंदानं फोटो बदलला. तासाभरात फॉर्म मंजूर. ती हसली नाही, कुणाला बोललीही नाही. पण मल्लिनाथरावांच्या आई, रुद्रम्मा, बाजेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडाला दार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मल्लिनाथरावांना विचारलं, "काय सायेब, कुठल्या जागेवर खेळता?"

तिथून ते जळायला लागले. आधी निखाऱ्यावर राख असते तसं, वरून काही दिसायचं नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघाला, 'बालाघाट वाघिणी पालक'. अ‍ॅडमिन महानंदा. मल्लिनाथरावांनी पहिल्याच दिवशी सुप्रभात, सुविचार, कमळाचं फूल, व्यायामाचे फायदे आणि स्वतःच्या एका सूत्रसंचालनाची चित्रफीत टाकली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, की सरावाच्या वेळेचा मेसेज कमळाखाली सापडत नाही. त्या संध्याकाळी मल्लिनाथराव एक नवा सुविचार पाठवायला गेले, तर खाली लिहून आलं, की फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतात.

त्यांनी मोबाइलवरून मान वर केली. अ‍ॅडमिन समोर बसून शेंगा फोडत होत्या.

"हे तू केलंस?"

"मॅडम म्हणल्या म्हणून."

"मला? स्वतःच्या नवऱ्याला?"

"सगळ्यांनाच केलंय की. तुमाला एकट्याला बंद करता येत न्हाय त्यात, मी बघितलं."

ती हे भाबडेपणानं म्हणाली, पण त्यामुळं जास्तच लागलं. त्यानंतर बायको आतल्या खोलीतून ग्रुपवर टाकायची, 'सर्व पालकांनी उद्या पहाटे साडेपाचला पोरींना मैदानावर सोडावे,' आणि बाहेरच्या खोलीत मल्लिनाथरावांचा मोबाइल टुण्णकन वाजायचा. आपल्याच घरात आपल्याला परिपत्रक येतं, ही गोष्ट हेडक्लार्कच्या काळजाला किती लागते, ते हेडक्लार्कच जाणे.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती ते हिंमतरावांनाही सांगू शकत नव्हते.

ते कॉलेजातून साडेपाचला घरी येत. शिवांजली पहिलीत होती तेव्हापासून त्या वेळेला पायरीवर बसलेली असायची. ते चप्पल काढायच्या आत तिची टकळी सुरू व्हायची. कुणी कुणाचा डबा खाल्ला, कुठली बाई रागावली, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं. दिवसभराची बातमी तिनं पप्पांसाठी राखून ठेवलेली असायची आणि आईला ती उष्टी मिळायची. आता पायरी रिकामी. आत स्वयंपाकघरात मायलेकींचं चाललेलं असायचं, थ्रू बॉल, मार्किंग, बॅकलाइन. महानंदा भाकरी थापता थापता विचारायची, "तू चेंडू यायच्या आधीच पळतेस, कामून?" आणि पोरगी आईला उत्तर द्यायची, जसं कुणी मोठ्या अधिकाऱ्याला देतं.

एकदा मल्लिनाथराव दारात उभं राहून म्हणाले, "मला बी सांगा की जरा, काय चाललंय."

"तुमाला न्हाय कळायचं, पप्पा," शिवांजली म्हणाली. तिच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. पण त्या दिवशी ते जेवताना लोणचं मागायचं विसरले, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यात स्पर्धेचा नियम आला. प्रत्येक संघानं रेषेवर झेंडा धरायला एक माणूस द्यायचा. चेंडू बाहेर गेला, की झेंडा वर. खेळाडू ऑफसाईड असला, की झेंडा वर. मॅडमनी पालकांना मैदानावर बोलावून ऑफसाईड शिकवला. चेंडू पुढं सुटतो त्या क्षणी आपली खेळाडू समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढं असली आणि चेंडूच्याही पुढं असली, तर ऑफसाईड. सोळा बापांपैकी चौदांनी माना डोलावल्या आणि एकालाही कळलं नाही. मल्लिनाथरावांनी मान तर डोलावलीच, वर सारांशही सांगितला, तो पूर्ण चूक होता. महानंदाला एका दमात कळलं. पंचवीस वर्षं कापडावर सरळ रेघ मारून ती बरोबर कापणाऱ्या बाईची नजर ती. कोण रेघेच्या अलीकडं आणि कोण पलीकडं, हे तिला जवभरही चुकायचं नाही.

झेंडा तिला मिळाला. साडीवर बूट घालून ती पहाटे रेषेवरून पळायला लागली. पुढं पुढं पंजाबी ड्रेस आला. गावात लोक तिला थांबवून बोलायला लागले. तहसीलपाशी एक अनोळखी माणूस मल्लिनाथरावांना बघून आपल्या जोडीदाराला म्हणाला, "हे कोण, माहीत हाय का? त्या झेंडेवाल्या बाईंचे मिस्टर."

मल्लिनाथरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गरज नसताना तहसील कचेरीत शिरले.

"तुमी गप कामून बसलाव?" हिंमतराव त्या संध्याकाळी म्हणाले. "पहिला सामना रविवारी हाय. लोकांना दिसंल, ऐकू येईल, असं काहीतरी करा. माझ्या भाच्याचं तेरखेड्याला फटाक्याचं काम हाय. हजाराची माळ आणतो. गोल झाला, की द्या लावून. धाराशिवात विचारतील, कोण हे? लोहाऱ्याचे बिराजदार!"

मल्लिनाथरावांनी मॅडमनी दिलेला पालकांच्या नियमांचा कागद तीनदा वाचला. आरडाओरडा नको, दोरीच्या आत नको, पंचांशी वाद नको, पोरींना बाहेरून सूचना नकोत. फटाक्यांचा उल्लेख नव्हता. जे नियमात नाही ते करायला हेडक्लार्क मोकळा असतो. शिवाय एक फ्लेक्सही छापून घेतला. त्यावर मधोमध मल्लिनाथरावांचा कमरेपर्यंतचा फोटो, बाजूला मित्रपरिवार म्हणून गॉगल घातलेले हिंमतराव आणि खाली बोराएवढ्या गोलांत सोळा पोरी. झेंडेवालीला जागा पुरली नाही.

रविवारी भाड्याची क्रूझर निघाली. पुढच्या सीटवर मॅडम आणि महानंदा. मल्लिनाथराव सगळ्यात मागं, मांडीवर चेंडूंची जाळी, पायाशी पिशवी.

"पिशवीत काय हाय?" महानंदानं वळून विचारलं.

"केळी," हिंमतराव म्हणाले.

सामना परंड्याच्या संघाशी होता. मैदानाला एका बाजूनं दगडी कंपाउंड, दुसऱ्या बाजूला दोरी, दोरीमागं दोन्हीकडचे मिळून दीडशे लोक. महानंदा लाल-पिवळा झेंडा घेऊन आपल्या वाट्याच्या अर्ध्या मैदानाच्या रेषेवर उभी राहिली, जिकडं लोहाऱ्याच्या पोरी पहिल्या हाफला हल्ला करणार होत्या. शिवांजलीनं मैदानात जाताना मागं वळून बघितलं. मल्लिनाथरावांनी हात वर केला. पण ती रेषेकडं बघत होती. आईनं नुसती मान हलवली आणि पोरगी आत पळाली. मल्लिनाथरावांनी वर केलेल्या हातानं केस नीट केले.

बावीस मिनिटं काहीच घडलं नाही. मग मधून कुणीतरी चेंडू लांब उडवला. शिवांजली एकटीच पुढं होती. तिनं तो छातीवर घेतला, दोन ढांगा टाकल्या आणि परंड्याच्या गोलकीपरच्या डाव्या हाताखालून जाळीत घातला.

"गोल!" मल्लिनाथराव ओरडले. पंधरा वर्षांचा माईकवरचा आवाज, तो दीडशे माणसांच्या वरून गेला. "लावा हिंमतराव, लावा!"

हिंमतरावांनी काडी लावली. त्याच क्षणी शिट्टी वाजली. सगळ्यांनी रेषेकडं बघितलं. तिथं महानंदा उभी होती, हात सरळ वर, हातात झेंडा, चेहऱ्यावरची रेघ हललेली नाही. ऑफसाईड. गोल रद्द.

गोल रद्द करता येतो, हजाराची माळ रद्द करता येत नाही. ती आपल्या नेमानं वाजत राहिली. तेरखेड्याचा माल, एकही दाणा फुसका नाही. धूर मैदानात शिरला. परंड्याची गोलकीपर खोकत खोकत खाली बसली. कंपाउंडवर बसलेली दोन माकडं पोरींच्या डब्यांवरून उड्या टाकत गेली. वाळलेल्या गवतानं पेट घेतला आणि ते विझवायला पोरींच्या प्यायच्या पाण्याचा जार रिकामा करावा लागला. माळेचा शेवटचा तुकडा उडून फ्लेक्सवर बसला आणि मित्रपरिवाराच्या गॉगलमधून आरपार भोक पडलं.

धूर विरला, तेव्हा पंच मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे होते. "हे पालक कुणाचे आहेत?"

लोहाऱ्याची सगळी माणसं एकदम पायातल्या बुटांकडं बघायला लागली. शिवांजलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आमच्या संघाचे," महानंदा रेषेवरून म्हणाली. आवाज जरा कापला, पण थांबला नाही. "बाहेर काढा त्यांना."

दीडशे लोकांसमोरून मल्लिनाथराव फाटकाबाहेर गेले. मागं फाटकाची कडी लागली. हिंमतराव म्हणाले, "चहा घेऊ." मल्लिनाथराव कंपाउंडकडं वळले, तेव्हा हिंमतराव एकटेच चहाला गेले आणि मग सामना संपेपर्यंत आलेच नाहीत.

कंपाउंडला लागून एक रिकामी ट्रॉली उभी होती. तिच्यावर एक धिप्पाड माणूस आधीच चढलेला होता, टाचा उंचावून आत बघत होता.

"या, या," तो म्हणाला. "मी भागवत. परंड्याचा. मला दहाव्या मिनिटालाच घातलं बाहेर. पंचाला आंधळा म्हणालो. तुमी?"

"आवाज केला म्हणून," मल्लिनाथराव म्हणाले. ते वर चढले.

"असंल. इथं आवाजच चालत न्हाय. पण ती झेंडेवाली बाई बघितली का? म्हणतात गोल मारणारी तिची सख्खी पोरगी व्हती. असली बाई आमच्या आख्ख्या तालुक्यात न्हाय राव. कुणाची हाय कुणास ठाऊक. नवरा नशीबवान."

मल्लिनाथराव भिंतीवरच्या चुन्याचा पोपडा नखानं काढत राहिले. ही स्तुती त्यांना जवळपास फटाक्यासारखीच लागली. स्वतःच्या पोरीचा गोल पाडला, स्वतःच्या नवऱ्याला बाहेर घातलं, आणि वर परंड्याचा माणूस वाहवा करतोय. आणि ती आत, उन्हात, रेषेवरून अलगद पळत होती, जणू जन्मभर हेच करत आली होती. तिला पळताना त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. सरावाला ते जायचे, पण तेव्हा त्यांचं लक्ष तिच्याकडं कोण कोण बघतंय याच्याकडं असायचं.

दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या. आता परंड्याच्या पोरी महानंदाच्या अर्ध्यात हल्ला करायला लागल्या. दहा मिनिटांत त्यांनी गोल घातला. भागवतनं ट्रॉली हादरेल अशी उडी मारली, आणि उडी खाली यायच्या आत झेंडा वर गेला.

भागवतचा चेहरा फिरला. "चोर!" तो भिंतीवरून ओरडला. "घरचीच बाई उभी केली! लोहाऱ्याची ना ती? म्हणूनच! आपल्या संघाला वाचवती!"

"ओ," मल्लिनाथराव म्हणाले.

"काय ओ? डोळे फुटलेत का तिचे?"

"ओ भागवतराव! मघाशी तुमीच म्हणालाव असली बाई न्हाय. पोटच्या पोरीचा गोल खाल्ला तिनं. तेव्हा ती चांगली, आन आता चोर व्हय?" मल्लिनाथरावांचा आवाज चढत गेला. "चेंडू सुटला तेव्हा तुमची पोरगी आमच्या शेवटून दुसऱ्या पोरीच्या पुढं व्हती का नव्हती? चेंडूच्या पुढं व्हती का नव्हती? दोन पावलं पुढं व्हती! म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं! ह्याला ऑफसाईड म्हणतात!"

बोलून झाल्यावर ते स्वतःच थबकले. सोळा बापांपुढं न कळलेली गोष्ट त्यांना बायकोवर कुणी तोंड टाकल्याबरोबर कळली होती.

"तुमी कोण तिची बाजू घेणारे?" भागवतनं विचारलं.

"मी नवरा तिचा," मल्लिनाथराव म्हणाले. ते जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले असावेत, कारण भिंतीच्या आतली दोन-चार माणसं मागं वळली. महानंदा वळली नाही. तिचं लक्ष खेळात होतं.

शेवटच्या पाच मिनिटांत परंड्यानं एक गोल घातला, स्वच्छ, कुणाला काही म्हणायला जागा नाही असा. लोहारा एक-शून्यानं हरला. भागवतनं मल्लिनाथरावांना मिठी मारली आणि आग्रहानं उसाचा रस पाजला.

परतताना शिवांजली मागं येऊन पप्पांशेजारी बसली, कारण पुढं जागा नव्हती. बराच वेळ गेल्यावर मल्लिनाथरावांनी हळूच विचारलं, "खरंच व्हतीस का गं ऑफसाईड?"

"व्हते की. मला पळतानाच कळलं होतं."

"मग आईचा राग न्हाय आला?"

"लई आला." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण दुसऱ्या कुणी झेंडा वर केला असता ना पप्पा, तर मला वाटलं असतं, मुद्दाम केला. आईनं केला म्हणजे व्हतेच." मग त्यांच्याकडं वळून ती म्हणाली, "आन तुमचा राग अजून हाय. परंड्याची गोलकीपर मला विचारत व्हती, तुज्या पप्पांचं फटाक्याचं दुकान हाय का?"

"मग काय म्हणलीस?"

"व्हय म्हणले. काय सांगणार?"

मल्लिनाथरावांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं. मग बघितलं तर पोरगीही दाबत होती.

पुढल्या आठवड्यात मॅडम घरी आल्या. मल्लिनाथरावांना वाटलं नोटीस आणली. पण त्या पंचांचा निरोप घेऊन आल्या होत्या. सोलापूरला बायकांसाठी पंचांचं तीन दिवसांचं शिबिर आहे, परीक्षा आहे, जिल्ह्यातून एक नाव द्यायचंय, आणि ते नाव महानंदाताईंचं द्यावं असं पंचांनी स्वतः सांगितलंय. पास झाल्या तर झेंडा नाही, शिट्टी.

महानंदानं नवऱ्याकडं बघितलं. हिंमतराव ओट्यावरून मान पुढं काढून बघत होते. रुद्रम्मा बाजेवर उठून बसल्या. "जा की गं," त्या म्हणाल्या. "भाकरी म्या थापते. हा काय उपाशी मरत न्हाय."

"अव्वा, मला बोलू दे की कधीतरी," मल्लिनाथराव म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे खरंच गप्प झालेत आणि ते काय म्हणतात याची वाट बघतायत. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी घसा साफ केला. आत बरंच काही साठलं होतं, फॉर्म, कमळ, फाटकाची कडी. ते सगळं घशापाशी येऊन एकमेकांत अडकलं.

"जाऊ दे तिला," ते एवढंच म्हणाले. आयुष्यातलं ते त्यांचं सगळ्यात छोटं भाषण, आणि ते करताना त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला.

शुक्रवारी सकाळी बसस्टँडवर ते आणि शिवांजली तिला सोडायला गेले. सोलापूरची गाडी लागली. महानंदा खिडकीशी बसली, सामानाची पिशवी मांडीवर घट्ट धरून. लग्नानंतर ती एकटी कुठं गेली नव्हती, माहेरीसुद्धा सासरचं कुणीतरी सोबत असायचं.

"अहो," तिनं खिडकीतून हळूच सांगितलं, "मला घाबरल्यासारखं व्हायलंय. पन्नास जणांपुढं शिट्टी वाजवायची म्हणत्यात. चुकलं तर?"

मल्लिनाथराव खिडकीच्या जवळ सरकले. मोठं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली, म्हणून छोटंच निघालं. "चुकलीस तर चुकलीस. एकदा हात वर केलास, की खाली घेऊ नको. कुणाकडं बघून तर न्हायच. माझ्याकडं बी न्हाय."

तिनं मान हलवली, तशीच, जशी रेषेवरून पोरीकडं बघून हलवली होती. ह्या खेपेला ती त्यांच्यासाठी होती. गाडी वळणावरून गेली, तरी ते तसेच उभे राहिले.

"चला पप्पा," शिवांजली म्हणाली. "माझी शाळा हाय."

ते चालायला लागले. रसवंतीपर्यंत आले. मग त्यांनी सहज म्हणून विचारलं, "काय गं, शिबिर बायकांचंच हाय म्हणलं ना?"

"व्हय."

"मग शिकवणारे कोण हायेत?"

"मुंबईचे एक सर हायेत म्हणे. लई भारी शिकवतात."

मल्लिनाथराव थांबले. "वय काय त्यांचं?"

"पप्पा!"

"न्हाय गं, सहज विचारलं," ते म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून सोलापूरला जाणाऱ्या पुढच्या गाडीची वेळ बघायला लागले.